पांढरी हळद

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आलेल्या पावण्यांत मुलाची आत्या होती. पोह्यांची दुसरी बशी संपवून तिनं पदराला हात पुसले, बहिणीला जवळ बसवून घेतलं आणि तिचा हात बाजारात वांगं बघावं तसा फिरवून फिरवून बघितला. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरगी लई चांगली हाय. शिकलेली हाय, उजळ हाय. तेवढी हातावर लव जरा जास्त हाय की."

मी तिथंच म्हणाले, "आत्या, लव सगळ्यांनाच असते." आईनं मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की काळानिळा डाग पडला.

पुढं चहा झाला, हसणं झालं, पसंतीही झाली. मुलगा बिद्रीच्या बाजूचा, नोकरीतला, अबोल. त्या बिचाऱ्यानं बहिणीच्या हाताकडं बघितलंसुद्धा नसेल, सगळा वेळ तो आपल्या बशीतले शेंगदाणे वेचत होता. पण आत्याबाईंचं ते वाक्य आमच्या घरी मुक्कामाला राहिलं. आई भाकरी थापताना मध्येच थांबायची आणि बहिणीच्या हाताकडं बघायची. बहीण लांब बाह्यांचे ड्रेस घालायला लागली, तेही कोल्हापुरातल्या ऑक्टोबरच्या उन्हात.

ही दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. माझं स्वतःचं लग्न त्याआधी, नव्वदच्या दशकात झालं होतं. तेव्हा रंग, उंची आणि स्वयंपाक एवढ्यावर पावणे थांबायचे. मधल्या काळात आमच्या गल्लीत दोन ब्यूटी पार्लर निघाली, घरोघरी टीव्हीवर गुळगुळीत हातांच्या बायका साबण विकायला लागल्या आणि तपासणी कोपरापर्यंत येऊन पोचली. याला आमच्याकडं सुधारणा म्हणतात.

हे स्थळ आणलं होतं माझ्या चुलतीनं. ती आमच्या शेजारच्याच घरात राहायची. स्थळ तिनं आणलेलं, म्हणून लग्न पार पडेपर्यंत सगळा कारभार तिच्या हातात होता. आईला ती विचारायची नाही, सांगायची. तिनंच बहिणीला गल्लीतल्या पार्लरमध्ये नेलं. तिथं गरम मेण लावून, कापडाची पट्टी चिकटवून, ती खसकन ओढून केस काढतात. बहिणीची कातडी मुळातच नाजूक. मनगटाजवळ वीतभर जागा झाली आणि तिथं लाल पुरळासारखे ठिपके उठले, काही ठिकाणी रक्त आलं. पोरगी ओरडून उठली आणि तशीच घरी आली. ही भित्री नव्हे हो. लूनावरून पडून हात मोडला होता तेव्हा ती डोळ्यांतून टिपूस न काढता स्वतः दवाखान्यात चालत गेली होती.

"एवढंसं सोसंना तर पुढं बाळंतपण कसं सोसशील?" असं चुलती म्हणाली. आमच्याकडं बाईला दुखलं की लगेच बाळंतपण काढतात.

मग पार्लरवालीनं तोड सुचवली. बधिर करायचं मलम मिळतं, ते लावलं की कातडीला काही कळतच नाही, मुंबईला सगळ्या हेच लावतात. मुंबईला सगळ्या काय काय लावतात हे आमच्या गल्लीतल्या पार्लरवालीला कसं कळायचं, देव जाणे. तिनं कुठल्यातरी गिऱ्हाइकाला भुवयांच्या वर चिमूटभर लावलं होतं, एवढाच तिचा अनुभव. पण ती पांढरा कोट घालायची, आणि पांढरा कोट दिसला की आमची माणसं डोकं बाजूला काढून ठेवतात.

आई आणि चुलती मेडिकलमध्ये गेल्या. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली नाही. कशाला पाहिजे, कुठं लावणार, पोरीला दुसरं काही औषध चालू आहे का, असलं काहीही विचारलं नाही. फक्त किती ट्यूब देऊ म्हणाला. चुलतीनं सांगितलं, दोन्ही हात, दोन्ही पाय पुरे व्हायला पाहिजेत. त्यानं भाजी भरावी तशा ट्यूब पिशवीत भरल्या. आईला तरी थोडी धाकधूक होती. तिनं विचारलं, "काय अपाय न्हाई न्हवं?" तर तो म्हणाला, "मावशी, वरनं लावायचं हाय, पोटात घ्यायचं न्हाय. काय हुतंय?"

काय हुतंय! हे दोन शब्द आठवले की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

हळदीच्या आदल्या दिवशी मी शाळेत रजा टाकून माहेरी आले. मी गावातच दिलेली आणि शाळेत शिकवायला, त्यामुळं धावपळीची कामं माझ्याकडं. वडील आणि काका कार्यालयावर आचाऱ्याच्या मागे लागले होते. मला शिंप्याकडं पिटाळलं गेलं, कारण त्यानं सगळ्यांचे ब्लाउज देतो देतो म्हणून अजून दिले नव्हते. त्याच्या दुकानात बसून, त्याच्याशी भांडून, शेवटी काजं राहिलेले ब्लाउज उचलून मी दुपारी परत आले तेव्हा गच्चीवरून बायकांचं हसणं आणि गाणी ऐकू येत होती. मला वाटलं, हळदीची तयारी चालली असेल.

वर गेले तर चटईवर बहीण बसलेली. हात खांद्यापर्यंत आणि पाय मांडीपर्यंत उघडे, आणि त्यांवर पांढऱ्या मलमाचा हा जाड थर. वरून प्लास्टिक. बस्त्याच्या साड्या ज्या पारदर्शक पिशव्यांतून आल्या होत्या, त्या पिशव्या फाडून तिच्या हातापायांना गुंडाळल्या होत्या आणि साड्यांच्याच दोऱ्यांनी बांधल्या होत्या. भर उन्हात. पिशव्यांच्या आत घाम साचलेला.

सगळा प्रकार मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळला. सकाळी उटणं लावून, वजरीनं घासून तिचे हातपाय स्वच्छ केले होते. घासून घासून कातडी लाल झाली होती आणि मनगटाजवळची ती सोललेली जागा तर अजून ओलीच होती. त्यावर पार्लरवालीनं पहिला थर लावला. मग शेजारच्या बायका जमल्या. कुणीतरी म्हणालं, उद्या पिवळी हळद, आज पांढरी हळद. झालं! सवाष्णींनी एकीमागून एक येऊन एकेक ट्यूब पिळली आणि गाणी म्हणत पोरीला चोळली. हळद कुणी हात आखडून लावतं का? ज्या बाईनं कमी लावलं तिला बाकीच्या चिडवत होत्या. झाकून ठेवलं की चांगलं मुरतं असं पार्लरवाली बोलली, म्हणून पिशव्या आल्या. उन्हात बसवली की आणखी मुरतं, ही चुलतीची भर. आमच्या बायकांच्या लेखी अंगाला लावायचं म्हणजे तेल, उटणं नाहीतर हळद. जास्त लावावं, चोळून लावावं, ऊन दाखवावं. ट्यूबमधलं ते औषध आहे हे त्या गच्चीवर एकीच्याही मनात आलं नाही, आणि ज्याच्या मनात यायला हवं होतं तो खाली रस्त्यापलीकडं काउंटरवर बसून पैसे मोजत होता.

बहिणीनं मला बघितलं आणि म्हणाली, "आक्का, तोंड कसंतरीच लागतंय गं. जीभ जाड झालीया." बोलणं जड होतं, दारू प्यायलेल्या माणसासारखं. "कानात शिट्टी वाजतीया."

बायका हसल्या. एक म्हणाली, "नवऱ्यानं मारली असंल शिट्टी, बिद्रीवरनं."

मी जवळ गेले. तिचे ओठ जांभळट दिसत होते, जांभळं खाल्ल्यावर दिसतात तसे, आणि चेहऱ्यावर राखेचा रंग आला होता. "हे आधी काढा," मी म्हणाले. पार्लरवाली म्हणाली, थोडा वेळ अजून, नाहीतर मेहनत फुकट जाईल. चुलती म्हणाली, "सकाळधरनं उपाशी हाय, पित्त झालंय. लिंबूपाणी द्या." कुणीतरी लिंबूपाणी आणायला खाली गेलंसुद्धा. मी एका हाताची पिशवी सोडवत होते तेवढ्यात बहिणीचे डोळे वर गेले, मान मागं पडली आणि सगळं अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं.

गाणी थांबली. "फिट आली!" म्हणून एक बाई किंचाळली आणि मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. कांदा आणा. पायताण हुंगवा. किल्ल्या द्या हातात. कोल्हापुरात पायताणाला काय तोटा, चारी बाजूंनी आली. माझ्या बहिणीला श्वास मिळत नव्हता आणि या बाया तिच्या नाकाला चप्पल लावत होत्या. मी ती चप्पल खाली रस्त्यावर भिरकावली. बहिणीला कुशीवर वळवली, पिशव्या टराटरा फाडल्या, हाताला लागलेल्या नव्या साडीनं तिच्या अंगावरचं मलम पुसायला लागले आणि रिक्षा आणा म्हणून ओरडले.

तेव्हा चुलती जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तिनं आवाज बारीक केला. "दवाखान्यात कशाला? आत्ता थांबंल. तिथं नेली की सगळ्या गावात बोभाटा हुईल. पोरीला फिट येती म्हणतील. बिद्रीपातूर कळाय किती येळ? लगीन मोडंल, आणि हिला परत कोण करून घेणार?"

आई मध्ये उभी होती. तिनं चुलतीकडं बघितलं, मग बहिणीकडं, मग परत चुलतीकडं. मला तिचं ते बघणं अजून दिसतं. स्वतःची पोटची पोर समोर झटके देत होती आणि ही बाई विचार करत होती! आईला दोष देऊन काय उपयोग, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. आयुष्यभर तिला एकच भीती घालून ठेवली होती, की लेक घरात राहिली तर काय. पण त्या क्षणी मला आईचा भयंकर राग आला. आजही थोडा आहे.

"मोडू दे लगीन!" मी ओरडले. "मढ्याचं लगीन लावणार हायसा काय?"

हा शब्द मी हळदीच्या घरात उच्चारला म्हणून पुढं कित्येक दिवस मला बोलणी खावी लागली. पण त्या शब्दानं आई हलली. तिनं चुलतीला बाजूला सारलं आणि बहिणीचे पाय उचलले. खांदे मी धरले. झटके थांबले होते, पण ती शुद्धीवर नव्हती आणि श्वास घरघर वाजत होता. जिन्यातून उतरताना मला ट्यूबची पिशवी दिसली, ती मी दातात धरली. वाटेत आई सारखी बहिणीचे ओठ पदरानं पुसत होती. तिला वाटत होतं, काहीतरी लागलंय म्हणून ते निळे दिसतात.

दवाखान्यात तातडीच्या खोलीत एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, आधी कधी फिट आली होती का, काही खाल्लं का, काही औषध घेतलं का. चुलती मागच्या रिक्षातून येऊन पोचली होती. ती घाईघाईनं म्हणाली, "उपाशी हाय हो, चक्कर आली, दुसरं काय न्हाय." म्हणजे तिथंसुद्धा! मी पिशवी टेबलावर उपडी केली. पिळून चपट्या झालेल्या ट्यूब बघून डॉक्टरांचा चेहरा बदलला. "हे सगळं? कुठं कुठं लावलं? किती वेळ होतं? वरून काही बांधलं होतं?" मी सांगत गेले तशा त्या सिस्टरला सांगत गेल्या. ऑक्सिजन लावा. अंग साबणपाण्यानं धुऊन काढा, कणभर राहता कामा नये. छातीला वायरी लावून हृदयाचे ठोके बघा. परत झटका आला तेव्हा त्यांनी सुई दिली. मग आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर बाकावर आई देवाचं नाव घेत बसली. चुलती कार्यालयावर काय सांगायचं याचा विचार करत बसली.

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आल्या. आई उठून त्यांच्याजवळ गेली. मला वाटलं, ती विचारणार, माझी पोर वाचंल काय? आई हात जोडून म्हणाली, "बाई, पाया पडतो तुमच्या, कागदावर फिट म्हणून तेवढं लिवू नका."

डॉक्टरांनी आम्हा तिघींना असं फैलावर घेतलं की बाकीच्या पेशंटचे नातेवाईक उठून बघायला आले. म्हणाल्या, "तुमच्या मुलीला फिटचा आजार नाही. तुम्ही तिला विष दिलंय, कातडीतून. हे मलम कातडीवर बसून राहत नाही, रक्तात उतरतं. रक्तातून मेंदूत जातं, हृदयात जातं. जिथं सुई टोचायची तिथं नाण्याएवढ्या जागेवर लावायचं औषध तुम्ही सगळ्या अंगाला चोळलंत. कातडी घासून सोलून ठेवली, म्हणजे त्याला दार उघडून दिलंत. वरून प्लास्टिक बांधलंत आणि उन्हात तापवलंत, म्हणजे ते आणखी जोरात आत ढकललंत. जीभ जड झाली, कानात आवाज आला, तेव्हाच पुसून काढून इकडं पळत यायला हवं होतं. लिंबूपाणी देत बसलात!"

चुलती पुटपुटली, "आमाला काय म्हाईत? मेडिकलवाला तर म्हणाला, काय हुत न्हाय."

"त्याला विचारलंत, मला का नाही विचारलंत?" डॉक्टर म्हणाल्या. नवरीच्या हातावरची लव घेऊन डॉक्टरकडं कोण जातं?

बहीण वाचली, हे आता सांगून टाकते. लग्न पुढं ढकलावं लागलं. चुलतीनं कावीळ झाल्याचं सांगितलं होतं, तरी बिद्रीला खरं कळायचं ते कळलंच, आणि आत्याबाईंचा फोन आला की पोरीला फिट येत नाही असं डॉक्टरच्या सहीनं लिहून पाहिजे. ज्या बाईच्या जिभेनं हे सगळं सुरू केलं, ती आता दाखला मागत होती! डॉक्टरांनी खरं ते लिहून दिलं आणि लग्न लागलं. नवरा माणूस म्हणून बरा निघाला, मी उगाच खोटं बोलणार नाही. झाला प्रकार कळल्यावर त्यानं आत्याशी बोलणं टाकलं, असं बहीण सांगते.

मेडिकलवाल्याकडं मी दुसऱ्याच दिवशी गेले होते. चार गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, आमी काय जबरदस्ती केल्ती व्हय? मागितलं, दिलं. आत कागद आस्तोय की, वाचायचा." कागद होता. घडीवर घडी घातलेला, इंग्रजीत, मुंगीला चष्मा लावावा लागेल एवढ्या अक्षरात. माझी आई मराठी चौथी शिकलेली. मी तिथं एवढा आवाज केला की शेजारचा सायकलवाला पाना हातात घेऊन आला. पुढं काही झालं नाही. दुकान चालू राहिलं, पार्लरही चालू राहिलं.

मी मात्र तेव्हापासून गप्प बसत नाही. वर्गातल्या मुलींच्या आयांना सांगते, नात्यातल्या प्रत्येक लग्नघरात सांगते, लोक मला मलमवाली मास्तरीण म्हणतात ते म्हणू देत. बधिर करायचं मलम डॉक्टरला विचारल्याशिवाय लावायचं नाही. ते सांगतील तेवढ्याच जागेवर, पातळ, आणि सांगतील तेवढाच वेळ. खरचटलेल्या, भाजलेल्या, घासून लाल झालेल्या कातडीला लावायचं नाही. आपल्या मनानं वर प्लास्टिक किंवा पट्टी बांधायची नाही, ऊन नाही, शेक नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. बाळाचे कान टोचताना रडू नये म्हणून कुणी लावत असेल तर त्याचा हात धरायचा. हृदयाचं दुखणं असेल, दिवस गेले असतील, दुसरं औषध चालू असेल, तर आधी ते सांगायचं. आणि ओठ बधिर झाले, कानात वाजायला लागलं, गुंगी आली, तर पुसायचं आणि निघायचं, लग्न मोडो नाहीतर राहो. एवढं सांगितल्यावर बायका माना डोलावतात आणि मग हळूच विचारतात, पण त्यानं लव निघते काय हो चांगली?

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी घडलेली एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

दिवे लागायच्या सुमारास सिस्टरनं सांगितलं, शुद्धीवर येतीय, दोघीच आत या. आई आणि मी गेलो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोटाला चिमटा, छातीला वायरी. ओठांवर आता जरा रंग आला होता. हात चादरीवर उघडेच होते. वजरीनं घासलेले, धुऊन धुऊन कोरडे पडलेले, आणि मनगटाजवळची ती वीतभर जागा सोडली तर लव होती तशीच होती. मेण लावायची वेळच आली नव्हती. बहिणीनं डोळे उघडले. तिला आम्ही ओळखू यायला थोडा वेळ लागला. मग तिनं मास्क बाजूला सरकवायचा प्रयत्न केला. मला वाटलं, पाणी पाहिजे असेल. मी वाकले.

"आक्का," ती म्हणाली, "हात झालं काय गं?"

आई पुढं आली, तिच्या त्या हातावरून कोपरापासून मनगटापर्यंत आपला तळवा फिरवत राहिली आणि म्हणाली, "झालं बाळा. छान झालं."